तीन नंबरच्या ढोलावरची दोन कुलुपं

दवाखान्यात पडून राहायची वेळ कुणावर येऊ नये. पण आलीच, आणि आमच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आली, तर अंगाखालची चादर जरा हाताने चाचपून बघा. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या लाँड्रीतून आलेली असते. चारही कोपरे सरळ, घडी काटकोनात, आणि वास म्हणाल तर कसलाच नाही. चादरीला कसलाही वास न येणं हीच धुण्याची परीक्षा, असं धाकटी सांगते.

मी जन्मभर नाटकांत कामं केली. राजे केले, चोर केले, नवरदेव तर इतके केले की खरं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "या खेपेला संवाद विसरू नकोस." घरात कौतुक झालं ते माझं. पेपरातली कात्रणं माझी, टाळ्या माझ्या. धाकटीचं काम बघायला कुणी तिकीट काढत नाही. म्हणून तिच्या एका दुपारचा प्रयोग मी इथे लावतो आहे. त्या दुपारी मी हजर होतो, अगदी छोट्या भूमिकेत.

धाकटीला लहानपणी वडील 'वकीलबाई' म्हणायचे. कारण घरातला एकही नियम ती उलटतपासणी केल्याशिवाय पाळायची नाही. चपला दाराबाहेर का? जेवताना बोलायचं नाही, तर मग बाबा का बोलतात? शेवटी वडील थकून म्हणायचे, "वकीलबाई, निकाल तुमच्या बाजूने. आता चपला बाहेर काढा."

अशी ही मुलगी लाँड्रीत इस्त्रीच्या रोलरवर लागली. तिथे तर भिंतीभिंतीवर नियम. केस बांधलेले हवेत. बांगडी नको. मळक्या चादरींचा दरवाजा वेगळा, धुतलेल्यांचा वेगळा, आणि या दरवाजाने आत गेलेल्याने त्या दरवाजाने यायचं नाही. धाकटीने प्रत्येक नियमाला 'का' विचारलं आणि उत्तर पटलं की तो असा पाळला की बाकीच्या बायका वैतागल्या. पुढे तिला सुपरवायझर केलं, पण परीक्षेच्या मुदतीवर. मुदतीत काम पटलं तर पक्की, नाहीतर परत रोलरवर. ही बढती तिला मनापासून हवी होती. रोलरच्या वाफेने तिची कातडी हुळहुळायची, आणि दुसरं म्हणजे, ती मला एकदाच म्हणाली होती, "दादा, मला माणसं सांभाळता येतात रे. कुणी सांभाळायला दिली तर."

सुपरवायझर झाल्यावर तिला शिकवणीला बसवलं. तिथे कुलुपांचा नियम शिकवला. हा नियम तुम्हालाही सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

लाँड्रीत कपडे धुण्याचे तीन मोठे ढोल आहेत. माणूस वाकून आत शिरेल एवढे. दुरुस्तीला फिटर आत शिरतो, आणि तो आत असताना बाहेरून कुणी मशीन चालू केलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून ढोल बंद करून त्याच्या स्विचवर एक लोखंडी पट्टी बसवतात. पट्टीला ओळीने भोकं. जो कुणी मशीनला हात लावणार, त्याने आपलं स्वतःचं कुलूप एका भोकात अडकवायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. एक जरी कुलूप लटकत असेल तरी स्विच हलत नाही. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. मालकानेसुद्धा दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही.

आणि कुलूप लावणारा सापडलाच नाही तर? तर ते कापता येतं. पण आधी ढोलात डोकावून आत कुणी नाही हे बघायचं, मग ज्याचं कुलूप त्याच्याशी स्वतः बोलायचं, आणि त्यानंतर सुपरवायझरने सही करायची.

वकीलबाईंनी हात वर केला. "ढोल रिकामा आहे हे डोळ्यांनी बघितलं, तर मग त्या माणसाशी बोलायचं कशाला?"

शिकवणारे गृहस्थ उत्तर द्यायला लागले, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि सगळे उठले. धाकटीला उत्तर मिळालं नाही ते नाहीच. त्या रात्री जेवताना ती आमच्यापुढे कुरकुरली, "अर्धवट नियम आहे."

आता ती दुपार. धाकटी चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला मी स्कूटरवरून लाँड्रीत गेलो. आत पाऊल टाकलं तर तीन नंबरच्या ढोलापुढे ही गर्दी. मॅनेजर, हातात भलं मोठं कटर घेतलेला इलेक्ट्रिशियन, इस्त्रीच्या टेबलावरच्या दोघी-तिघी, आणि मध्ये कमरेवर हात ठेवून आमची धाकटी.

ढोलाच्या स्विचवर एक कुलूप लटकत होतं. त्यावरच्या चिठ्ठीवर फिटरचं नाव. या फिटरला सगळे 'रेडिओ' म्हणतात, कारण त्याचं बोलणं बंद करायचं बटण कुणाला सापडलेलं नाही. सकाळी तो ढोलापाशी खुडबुड करत होता आणि दुपारी बेपत्ता. फोन लावला तर तो वाजला खुंटीवरच्या त्याच्याच कोटात.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. पण दवाखान्यातून त्याला सारखे फोन येत होते. ऑपरेशनच्या चादरी संध्याकाळपर्यंत हव्या होत्या, आणि तीनपैकी एक ढोल कुलपात अडकलेला.

"ताई, आत बघितलंत ना?"

"बघितलं, साहेब. रिकामा आहे."

"गेटवरच्या वॉचमनने त्याला बाहेर जाताना पाहिलंय. म्हणजे तो आत नाही, आजूबाजूला नाही. विसरला कुलूप काढायला. सही करा, कापून टाकू."

"त्याच्याशी बोलल्याशिवाय सही करता येत नाही."

"अहो, बोलून काय होणार? 'विसरलो' एवढंच म्हणेल. आणि त्याला तेवढंच म्हणायला अर्धा तास लागेल."

बायका हसल्या. धाकटीही हसली. मग म्हणाली, "हा प्रश्न मीही विचारला होता, साहेब. उत्तर मला अजून माहीत नाही. पण ज्याने नियम लिहिला त्याला माहीत असणार. मला कळेपर्यंत मी तो मोडणार नाही."

मॅनेजरचा आवाज खाली आला. मी रंगमंचावरचा माणूस, आवाज खाली आला की काहीतरी जड येतंय हे मला कळतं. "ताई, तुमची मुदत या महिन्यात संपते. तुमच्याबद्दल मला चांगलंच लिहायचंय. दवाखान्याचं काम तुमच्या पाळीत थांबलं, असं नका लिहायला लावू."

धाकटीने माझ्या हातातला चष्मा घेतला, शांतपणे पुसला आणि लावला. ती रोलरकडे बघतेय, हे मला दिसलं. तिथे एक मुलगी वाफेत तोंड वळवून चादर ओढत होती.

मग तिने स्वतःच्या खिशातून स्वतःचं कुलूप काढलं, रेडिओच्या कुलपाशेजारच्या भोकात अडकवलं आणि खटकन दाबलं. किल्ली परत खिशात.

"आता दोन झाली," ती म्हणाली. "त्याचं कापाल, तर माझं उरतं. माझ्याशी बोलायचं असेल तर बोला, मी इथेच उभी आहे. मी सांगते, काढू नका." आणि इलेक्ट्रिशियनकडे वळून, "ते कटर खाली ठेव रे, हात दुखेल."

इलेक्ट्रिशियनने कटर खाली ठेवलं. नाटकात अशा वेळी पुढचं वाक्य मला माहीत असायचं, इथे नव्हतं.

"आणि चादरींचं?" मॅनेजर म्हणाला.

"वॉर्डाच्या चादरी बाजूला काढल्यात. दोन्ही ढोलांत आधी ऑपरेशनच्याच जातील. त्यांची वेळ चुकणार नाही. वॉर्डाच्या उशिरा जातील, तो उशीर माझ्या नावावर लिहा." मग मला, "दादा, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना?"

रेडिओचं घर जवळच होतं, आम्ही दोघं तिकडे गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं.

"वहिनी, तुमचे हे कुठायत?" धाकटीने विचारलं.

"कामावर नाहीत?" ती घाबरली. मग तिच्या लक्षात आलं. "दाढ. सकाळपासून दाढेने घर डोक्यावर घेतलं होतं. चौकातल्या दाताच्या डॉक्टरांकडे गेले असणार. तुम्ही काढायला सांगा हो. दाढही, आणि जमलं तर जीभही."

रेडिओ तिथेच सापडला, बाकावर, एक गाल फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा. दाढ निघाली होती आणि बोळा काढेपर्यंत तोंड उघडायची बंदी होती. धाकटी त्याच्यासमोर उभी राहिली. "तीन नंबरवरचं कुलूप तुझं आहे. काढायचं का?"

रेडिओ ताडकन उभा राहिला. "उं! उं उं!" नाही म्हणून मान जोरजोरात हलवायला लागला. मग त्याने दोन्ही हातांनी हवेत मोठं पोट काढलं, ते पोट गरगर फिरवलं, पाठीमागे हात नेऊन काहीतरी उपटल्यासारखं केलं, आणि ते पोट घेऊन बाकावरच्या लोकांच्या अंगावर धावून गेला.

मूकाभिनय हा माझा प्रांत. मी पुढे सरसावलो. "पोट बिघडलंय याचं," मी सांगितलं. "औषधाने. उलटी होणार आहे."

बाकावरचे सगळे पटापट पाय वर घेऊन बसले. रेडिओने माझ्याकडे असं बघितलं की तसा अपमान माझा कुठल्याच समीक्षकाने केला नव्हता. मग त्याने खिशातून एक तेलकट फडकं काढलं आणि उलगडलं. आत लोखंडाचं एक जाड, झिजलेलं कडं होतं.

"बेअरिंग," धाकटी म्हणाली. ढोल मागे ज्याच्या आधाराने फिरतो, ते हे कडं. "मागचं?"

रेडिओने होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे ढोल मागून सुटा आहे. आणि मागचं झाकण परत लावलंस?"

पुन्हा मान. पाणी आत जाऊ नये म्हणून लावलं, हे त्याने खुणेने सांगितलं, आणि या वेळी मलाही कळलं. तो या मापाचं नवीन बेअरिंग आणायला निघाला होता. वाटेत दाढेने जीव नकोसा केला, समोर डॉक्टरांची पाटी दिसली, आणि गडी आत शिरला. पटकन येतोच आहे, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

ढोल पुढून बघितला तर ठणठणीत. डोकावलं तर रिकामा. ओल्या चादरी भरून चालू केला असता, तर तो लोखंडाचा डोंगर पहिल्या वेगातच जागा सोडून निघाला असता. त्याच्या समोर इस्त्रीचं टेबल होतं.

धाकटीने तिथूनच फोन लावला. "साहेब, रिकामा ढोल आपल्याला आतूनच रिकामा दिसला. त्याने काय सोडवून ठेवलंय, ते फक्त त्यालाच माहीत होतं." आणि पुढे, "माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं."

आम्ही नवीन बेअरिंग घेऊन परत आलो, स्कूटरवर तिघं, रेडिओ मध्ये, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प. मॅनेजरने मागचं झाकण काढून घेतलं होतं. बोल्टांच्या रिकाम्या भोकांत तो एकेक बोट घालून बघत होता.  मग त्याने विचारलं, "समोरच्या टेबलावर कोण कोण असतं?"

धाकटीने तिघींकडे बोट दाखवलं. त्या चादरीच्या घड्या घालत होत्या. एक दुसरीला कसलातरी विनोद सांगत होती.

रेडिओने बेअरिंग बसवलं, बोल्ट आवळले, हाताने ढोल फिरवून बघितला आणि मग आपलं कुलूप काढलं. धाकटीने स्वतः मागे जाऊन एकेक बोल्ट बघितला, तेव्हाच आपलं काढलं. ऑपरेशनच्या चादरी वेळेवर गेल्या होत्या. वॉर्डाच्या उशिरा गेल्या, आणि तसं तिने पाळीच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

बोळा काढल्यावर रेडिओ तिच्यापाशी आला. बोबडं बोलत होता, पण बोलत होता. "ताई, वहीत माझ्याबद्दलही लिहिलंत?"

"लिहिलं. मशीन सुटं ठेवून न सांगता गेलास म्हणून."

"बरोबर आहे. पण दाढ दुखत होती तेही लिहा की."

"लिहिलंय. आणि कुलूप न विसरता लावलंस, तेही लिहिलंय. त्या एका कुलपाने तिघी वाचल्या."

एवढं ऐकल्यावर त्याचे डोळे भरून आले. दाढेमुळे, असं तो म्हणाला.

निघायच्या वेळी मॅनेजरने तिला बोलावलं. मी दारातच उभा होतो.  तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"ताई, दुपारी मी जे बोललो ते चुकीचं होतं. तुम्हाला पक्कं करण्याचा कागद मी उद्याच काढतो. महिनाअखेरपर्यंत थांबायचं काही कारण नाही."

धाकटीने चष्मा सारखा केला. "मुदत महिनाअखेरची आहे, साहेब. तेव्हाच काढा. माझ्यासाठी आधी काढलात, तर उद्या दुसऱ्या कुणासाठी उशिरा काढाल."

मॅनेजर मोठ्याने हसला. "बरं. महिनाअखेर."

आम्ही बाहेर पडलो. स्कूटर सुरू करताना मी म्हटलं, "अगं, हातात आलेलं कुणी परत ठेवतं का?"

"परत कुठे ठेवलं?" ती मागे बसत म्हणाली. "ते माझंच आहे. महिनाअखेरीला घेईन. चल आता, आणि वळणावर हात दाखव, मघाशी दाखवला नव्हतास."

मी हात दाखवला. सगळ्या रस्त्याला दिसेल असा, लांब करून.