टेपचं दुसरं टोक

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, गावाकडं मंद्रूपला आईला तर नाहीच नाही. ती अजून आल्यागेल्याला सांगते, "आमचा पोरगा समुद्राच्या तळाला जाऊन आलाय की!" ऐकलं की डोकं फिरतं माझं. तिच्यावर नाही — स्वतःवर.

कोकणात किनाऱ्यापासून थोडं आत एक जुनं जहाज बुडालेलं होतं. ते खणताना सगळं मापून, चित्र काढून, लिहून ठेवायचं काम माझं. पदवीवाला माणूस ना मी! आणि पोहणं कुठलं? विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलेलं. जोडीला दत्ताराम, तिथलाच मच्छीमार. त्याचंच जाळं अडकलं म्हणून तर ते जहाज सापडलं.

पाण्याखाली माप एकट्यानं घेता येत नाही. टेपचं एक टोक त्यानं तळात ठोकलेल्या लोखंडी खुंटीवर धरायचं, दुसरं मी जहाजाच्या लाकडापर्यंत न्यायचं आणि आकडा प्लास्टिकच्या पाटीवर लिहायचा. एक दिवस गाळ उठला. स्वतःचा हात दिसेना. आणि मी — लाज वाटते हो सांगताना — मी टेप सोडली आणि वर पळालो.

दत्ताराम मागोमाग आला. त्याचं टोक अजून मुठीत. "सर, घाबरू नका, मी हाय ना," एवढंच म्हणाला. होडीत कुणाला अवाक्षर बोलला नाही. आणि मी काय केलं? पाटीवर अंदाजानं आकडा ठोकून दिला.

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला, त्या हंगामाचं काम बंद पडलं. नकाशा काढायला बसलो तर जहाजाचा कणाच वाकडा यायला लागला. खोदकामाच्या मोठ्या साहेबांनी दोघांना समोर उभं केलं — कुणाचं चुकलं? दत्ताराम माझ्याकडं बघत होता. मी बोलेन म्हणून थांबला होता तो.

मी बोललो. "यानं खुंटीवरची टेप सोडली."

साहेबांनी दुसरा प्रश्नसुद्धा विचारला नाही. कशाला विचारतील? एक पदवीवाला, एक मासे मारणारा. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर जीभ उचलली! पुढच्या हंगामात त्याला पाण्यात उतरवलं नाही. छापलेल्या अहवालात त्याचं नाव कुठंच नाही. माझं आहे, पहिल्याच पानावर.

आता सोलापुरात कॉलेजात शिकवतो. पहिल्याच तासाला दरडावून सांगतो, काही झालं तरी टेप सोडायची नाही. पोरं मुकाट लिहून घेतात. असा संताप होतो — खडू फेकून निघून जावंसं वाटतं. जातो का? नाही. तास पुरा करतो.

परवा एका पोरीनं विचारलं, "सर, तुमची कधी सुटली का हो?"

"माझ्या जोडीदाराची सुटली होती," मी म्हणालो.

एवढ्या वर्षांनी. समोर कुणी साहेब नव्हता, कशाची भीती नव्हती — तरी.

टेप मी सोडली होती. दत्तारामनं धरून ठेवली होती.