क्लॅरिनेट पेलणारा दात

त्या वर्षी लग्नसराई संपता संपता माझ्या दवाखान्यात एक कारकून आले. एरवी कचेरी आणि लग्नाच्या दिवसांत बँडमध्ये क्लॅरिनेट, असा त्यांचा क्रम. खेडहून वाजवून परतताना स्कूटर घसरली आणि समोरच्या मोठ्या दाताशेजारचा दात मुळासकट निघाला. काढ-घाल करायचा एक खोटा दात त्यांनी कुणाकडून तरी बसवून घेतला होता.

"जेवायला चालतो ओ डॉक्टरबाई," ते म्हणाले. "पण क्लॅरिनेट धरलं की हलतो. मग कसला सूर लागतोय!"

मी मुंबईत इम्प्लांट शिकून आले होते. हाडात स्क्रू बसवायचा, हाडाने तो धरला की वर दात चढवायचा. इथे मात्र जागा चिंचोळी आणि हाड पातळ. स्क्रू बारीकच लागणार होता, आणि तसला मी कधी बसवला नव्हता. दातांवर भार कसा येतो ते बघावं म्हणून मी त्यांना क्लॅरिनेट घेऊन बोलावलं. खोटा दात काढून ठेवल्याने फटीतून हवा निसटत होती, तरी ते खुर्चीत बसून असे रंगून वाजवायला लागले की बाहेरचे पेशंट दाराशी जमले. गाल सुजलेल्या एका आजोबांनी तर फर्माईशही केली.

मला कळलं ते एवढंच, की वाद्याचं टोक वरच्या दातांना वर आणि पुढे ढकलतं. बारीक स्क्रूला हा तिरका जोर सोसेल का?

माझा नवरा तंत्रनिकेतनात मेकॅनिक्स शिकवायचा. त्याला विचारलं, तर तो स्वयंपाकघरातून एक जून तवसं घेऊन आला. अशा मोठ्या काकडीची साल टणक आणि गर मऊ असतो; हाडही तसंच, वर कठीण, आत जाळीदार. त्याने विणायची सुई तवशात खुपसली.

"बोटाने ढकल."

सुई सालीपाशी लवली आणि भोक रुंदावलं.

"बराच भाग वर राहिला की सगळा जोर मानेवर, म्हणजे सालीत धरलेल्या भागावर येतो," तो म्हणाला.

"मग चांगली खोल घालू?"

"तेवढा वरचा दात लांब होईल. तरफ वाढेल, आणि ताण जाईल तुझ्या स्क्रूला वरचा दात जोडणाऱ्या आतल्या बारक्या स्क्रूवर. शिवाय मान सालीतून सुटून गरात जाईल."

आम्ही भोकं पाडत राहिलो. तेवढ्यात सासूबाई आल्या. ते तवसं त्यांनी धोंडसासाठी, काकडीच्या गोड केकसाठी, राखून ठेवलं होतं.

"डॉक्टर आणि मास्तर मिळून माझ्या तवशाची चाळण करताय होय?" म्हणत त्यांनी ते उचलून नेलं. धोंडस मात्र झकास झालं.

मुंबईच्या सरांना फोन केला. तेही म्हणाले, हाडाच्या कडेच्या किंचित खाली थांब, जास्त नको. श्रावणात मी स्क्रू तेवढाच खाली बसवला. तो शेवटी घट्ट अडकला, तेव्हा माझे खांदे सैल झाले.

मग वाट बघणं. क्लॅरिनेटला बंदी. ते बाजाराच्या वाटेवर भेटले की विचारत, "धरलान् का हाडाने?" थंडीत एक्स-रे काढला. हाडाने छान धरलं होतं. दात चढवताना तो मी केसभर आखूड ठेवला, म्हणजे भार शेजारच्या मोठ्या दातांवर जाईल. त्यांनी आरशात बघितलं, हसले, आणि पुन्हा पुन्हा हसून बघत राहिले.

तुळशीची लग्नं होऊन गेली होती. पहिल्याच वरातीला त्यांनी आम्हाला आग्रहाने नेलं. बँड चौकात थांबला आणि त्यांनी एक सूर असा लांबवला की ढोलवाला हात थांबवून ऐकत राहिला. मी त्यांच्या ओठांकडेच बघत होते. दात हलला नाही. मग ढोल दणाणला, आणि माझ्या शेजारून नवरा कधी नाचणाऱ्यांत शिरला ते कळलंच नाही. कसाबसा, हात वर करून, पार बेताल नाचत होता. मी पदर खोचला आणि गेले.