मनोरीच्या चिखलातला उन्हाळा

“पुस्तकाला काय विचारतेस? हाताला विचार ना,” असं म्हणून माझी मैत्रीण कोपरापर्यंत हात चिखलात घालायची आणि मूठभर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वर काढायची. मी शेजारी फूटपट्टी घेऊन उभी. ओहोटीच्या चिखलात पाय न रुतवता चालणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, तर ती कशी चालायची ते वेगळं सांगायला नको.

आम्ही अंधेरीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आमच्या सरांना मनोरीच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर काम करायला अनुदान मिळालं आणि सुट्टीसाठी त्यांनी आम्हा दोघींना घेतलं. मी बोरिवलीची, वडील बँकेत. ती मनोरीच्या कोळीवाड्यातली. तिची आई मालाडच्या बाजारात मासळी विकायची.

एप्रिल-मेमध्ये रोज मार्व्याहून होडीने खाडी ओलांडून मी जायची. मोजमाप मी लिहायची, पण कुठे खणायचं ते तीच ठरवायची. एकदा मी वैतागून म्हटलं, “कसं कळतं गं तुला?” ती म्हणाली, “त्या श्वास घेतात ना, तिथे बारीक भोक पडतं. बघ की जरा.” मी बघितलं. मला सगळा चिखल सारखाच दिसला.

डिसेंबरात हैदराबादला परिषद होती. अनुदानात एकाच विद्यार्थ्याच्या प्रवासाची सोय होती. सर मला म्हणाले, “तू चल. तुझं इंग्रजी बरं आहे.” शोधनिबंधावर नावंही सरांचं आणि माझंच. तिचं नाव शेवटी, आभारात, ‘नमुने गोळा करण्यास मदत’ म्हणून. मी ते तसंच राहू दिलं. मला जायचं होतं.

निघण्याआधी तिने विचारलं, “माझं नाव आहे ना त्यात?”

“आहे,” मी म्हटलं.

ती एवढी खूश झाली की मला चहा पाजला.

परिषदेत एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, पावसात खाडीचं पाणी गोडं होतं तेव्हा या तिसऱ्या काय करतात? मी वहीची पानं चाळत राहिले. परत आल्यावर तिला सांगितलं, तर म्हणाली, “तोंड मिटून खाली जाऊन बसतात. सोपं होतं की गं.”

पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध, मग हॉस्पिटल. गणपतीच्या आधी ती गेली.

परिषदेचं छापील पुस्तक दिवाळीनंतर आलं. ते घेऊन मी मनोरीला गेले. तिच्या आईने पदराला हात पुसून ते घेतलं.

“माज्या पोरीचं नाव कुठं हाय?”

मी आमच्या निबंधाचं शेवटचं पान काढलं, त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ तिथून हलवलं नाही. मग पानं उलटत निबंधाच्या पहिल्या पानावर आल्या.

“आनि ही वरची मोठी नावं कुनाची?”

“सरांचं,” मी म्हटलं. “आणि माझं.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पुस्तक मिटलं, तिच्या फोटोखाली ठेवलं.

“उन्हाची आलीस,” त्या म्हणाल्या. “जेवून जा.”

त्यांनी पान वाढलं. मी खाली मान घालून जेवले.