एक लिटर

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, भंगाराच्या आवारात गॅसकटर होते. छत्तीस वर्षं जुने बॉयलर, टाक्या, ट्रकच्या चासी कापल्या. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की म्हणायचे, "नवरी आहे का मी?" रंग जळायचा, जस्त जळायचं, धूर सगळा दाजींच्या छातीत. मला हे काम त्यांनीच शिकवलं. मंत्र एकच: "ऑक्सिजनला हात आखडता घेऊ नकोस. ज्योत रडायला लागली की चावी आणखी सोड."

साठीला छातीचा भाता झाला. दवाखान्यातून घरी आले ते नाकात नळी घेऊन. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन बसलं. त्यावर काचेची उभी नळी, तीत एक गोळी; खालची चावी फिरवून ती एकच्या रेघेवर, म्हणजे मिनिटाला एक लिटरवर, ठेवायची. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं, "यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. बोटाला लावायच्या चिमट्यावर नव्वद आलं तरी पुष्कळ झालं. ऑक्सिजन जास्त दिलात तर हा साठा वाढेल, गुंगी येईल. हलवून उठले नाहीत, तर ती झोप समजू नका."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

दाजी आडवे होऊ शकत नसत. मांडीवर उशी, उशीवर कपाळ, अशी रात्र काढायचे. ताईही बसलेली. महिनाभरात ती निम्मी झाली.

त्या दुपारी मी तिला आतल्या खोलीत पाठवलं. "पड जरा. मी आहे ना." चिमटा सत्त्याऐंशी दाखवत होता. दाजी माझ्याकडे बघून एकेक शब्द ओढत म्हणाले, "ज्योत... रडतेय रे."

अर्धी थट्टाच होती ती. पण माझा हात गेला. गोळी चारवर नेली. आकडा चढला: नव्वद, चौऱ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. एवढी छाती फुगली माझी, काय सांगू! शहाणपणाचा ठेका डॉक्टरांनीच घेतलाय का, असंही मनात येऊन गेलं. दाजी आडवे झाले. गालांवर लाली आली.

ताई उठून आली आणि दारातच थबकली. डोळे भरून आले तिचे. "उठवू नकोस हं," ती कुजबुजली. तिने खिडकी ओढून घेतली. आम्ही हळू आवाजात बोलत चहा प्यायलो. खूप दिवसांनी ती हसली.

दोन तासांनी दाजींचा हात पलंगाबाहेर लोंबकळताना दिसला. हलवलं. हाका मारल्या. ताई शेजाऱ्यांना बोलवायला धावली, आणि तेवढ्यात मी गोळी गुपचूप एकवर आणली. जन्मात एवढं हलकं काम मी दुसरं केलं नाही.

दवाखान्यात विचारलं, किती लिटर चालू होता? ताई म्हणाली, "एकच. माझा भाऊ डोळ्यांत तेल घालून बसला होता." तिसऱ्या दिवशी दाजी गेले.

भेटायला येईल त्याला ताई सांगते, "शेवटची दुपार तरी आडवे होऊन झोपले. हा होता म्हणून." दरवेळी मी पाणी आणायला आत जातो.

काल मशीन परत न्यायला माणूस आला. वायर गुंडाळता गुंडाळता त्याने सहज विचारलं, "कितीवर चालवायचात?"

"एकवर," ताई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "हो ना रे?"

मी म्हणालो, "हो."