सहा वर्षांची पड

“हे सहाही शेरे तुमच्याच हातचे?” मंडल अधिकारी मॅडमनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

“हो, माझेच.”

“म्हणजे जमीन पड होती.”

“पहिल्या वर्षी होती, मॅडम. पुढची पाच वर्षं मी बघितलीच नाही.”

हिर्डोशीच्या बाजूच्या एका वाडीच्या चावडीतली ही सुनावणी. मी तिथला जुना तलाठी, आता निवृत्त. मला कुणी बोलावलं नव्हतं. भोरच्या बाजारात सुनावणीचं कानावर आलं आणि सकाळची एसटी धरली. “जुनं कशाला उकरता?” असं बायको म्हणाली होती.

वाद हिराबाई आणि त्यांचा पुतण्या संपत यांच्यात. डोंगरावरचा एक तुकडा तोंडी वाटणीत हिराबाईंच्या नवऱ्याला आला होता. कागदावर वाटणी झालीच नाही. नवरा गेल्यावर संपत म्हणू लागला, तुकडा माझा, चुलतीनं तो कधी कसलाच नाही. त्याचा पुरावा म्हणजे मी केलेला पीकपेरा, म्हणजे कुठल्या शेतात त्या साली काय पिकलं त्याची सातबाऱ्यावरची नोंद. सहा वर्षं तिथं एकच शब्द होता: पड. न पेरलेली जमीन. नंतरच्या नोंदी शेतकऱ्यानं मोबाईलवर करायच्या होत्या. हिराबाईंकडे मोबाईल नव्हता, त्यामुळे तो रकाना कोराच.

आता ही पड आली कुठून? या भागात शेत दोन तऱ्हेचं. खाली बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं खाचर, ते दर साली लावतात. वर उतारावर वरकस. तिथली माती पातळ, म्हणून एक साल नाचणी, मग वरई, मग कारळे, आणि पुढची तीन-चार सालं जमिनीला विसावा. मी शिवऱ्याकडच्या सपाटीतून बदलून आलेला. पहिल्या वर्षी धापा टाकत वर गेलो तेव्हा विसावा चालू होता. पड लिहिलं, ते बरोबर होतं. पुढच्या वर्षी वाट निसरडी होती. चावडीतच बसून मागची नोंद पुढे उतरवली. मग सवयच लागली.

हिराबाई एकदा माझ्याकडे आल्याही होत्या. “भाऊसाहेब, नाचणी उभी हाय, एकडाव येऊन बगा.” मी म्हणालो, पुढच्या साली बघू. ते मला आजवर टोचत होतं.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. संपत उसळला. “म्हातारा झालाय मानूस, काय बी बोलतोय. कागद काय म्हनतो ते बगा.”

हिराबाई उठल्या. “कागद ज्येंचा त्येच हितं हुबं हायेत. आन् तू रं संपत? सावडीला कोन आलंवतं?”

सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं राबायचं, मजुरी नाही.

“लई जनांकडं जातो आमी.”

“त्याच तुकड्यात माज्या नाचनीच्या कापनीला तीन दिस व्हतास. कोंबडीचा रस्सा वरपलास, वर म्हनलास, काकू, तिकाट कमी पडलं!”

चावडी हसली. संपतच्या बायकोनंही पदर तोंडाला लावला.

“गेला होतात का कापणीला?” मॅडमनी विचारलं.

संपतनं बायकोकडे बघितलं. “व्हय,” म्हणाला.

मॅडमनी दोघांचे जबाब घेतले, सावडीतल्या आणखी चौघांचे घेतले, आणि दुपारी सगळ्यांना घेऊन वर गेल्या. गुडघा दुखत होता तरी मीही चढलो. उतारावर दगडांच्या ताली रचलेल्या होत्या, शेवाळ चढलेल्या. त्यांच्याआड वर्षानुवर्षांची माती अडलेली. एका सालात असं होत नाही. पंचनाम्यावर मी सही केली.

महिन्याभरानं निकाल आला. तुकडा हिराबाईंच्या कब्जात असल्याचं मान्य झालं. मला खुलासा द्यावा लागला, तो मी लिहून दिला. त्या रात्री बऱ्याच वर्षांनी शांत झोप लागली.

नव्या तलाठ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डोंगरातली जमीन एकदा बघून सहा वेळा लिहू नये. आणि लिहिलंच असेल, तर चूक कबूल करायला निवृत्तीची वाट बघू नये.