तिरकी वायर

टेस्टर हे काही त्याचं नाव नव्हे. आईवडिलांनी हौसेने चांगलं चार अक्षरी नाव ठेवलं होतं, पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लाइटचा टेस्टर खोचून जन्मभर फिरणाऱ्या माणसाला खऱ्या नावाने हाक कोण मारणार? लग्नाच्या फोटोतसुद्धा तो खिशात आहे. फोटोत नवरी जराशी हलली आहे, टेस्टर मात्र स्वच्छ आला आहे.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, पाठीला कुबड आलेले टीव्ही एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेले. हल्ली लोक त्याच्याकडे वस्तू दुरुस्त करायला आणत नाहीत. स्वतःच्या हाताने फेकवत नाही म्हणून आणून सोडतात. टेस्टरला ते कळतं, पण तो प्रत्येकाला विचारतो, "न्यायला कधी येणार?" आणि समोरचा "येतो ना, येतो" म्हणत उलट्या पावली सटकतो. मग टेस्टर त्या यंत्राची पाठ उघडतो आणि बोलायला लागतो. "काय रे हरामखोरा, तीन वर्षं गप्प बसून होतास? दाखव बघू कुठे दुखतंय." शिव्या देत तो दोन दिवसांत त्याला गायला लावतो. माणसांशी बोलताना मात्र त्याला एवढा जिव्हाळा जमत नाही.

घर दुमजली. खाली टेस्टर आणि त्याची बायको. वर धाकटा भाऊ, त्याला गल्लीत वायसर म्हणतात. तो नळाच्या सामानाच्या दुकानात कामाला आहे, आणि जगात काहीही बिघडलं, अगदी कुणाचं लग्न मोडलं, तरी त्याचं निदान एकच असतं: "वायसर गेलंय." वायसरचीही बायको आहे, पण ती शहाणी बाई असल्यामुळे या गोष्टीत सहसा गॅलरीतूनच भाग घेते.

या दोन भावांमध्ये अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

झालं असं होतं. मागच्या अंगणात जमिनीतल्या टाकीवर पाण्याची मोटर आहे. तिचा पाइप भिंतीला क्लॅम्पने बांधावा म्हणून वायसर स्टुलावर चढून ड्रिलने भोक पाडत होता. भिंतीतली वायर कापली गेली. फाडकन आवाज, निळा जाळ, वायसर स्टुलावरून फेकला गेला आणि मनगट मोडून बसला. त्याच क्षणी पुढच्या खोलीत टेस्टरने सहा महिने खपून जिवंत केलेला मोठा लाकडी रेडिओ पहिल्यांदाच गात होता. त्यातून धूर निघाला. टेस्टर रेडिओकडे धावला. मग अंगणात आला आणि खाली पडलेल्या भावाला म्हणाला, "डोळे फुटले होते का?"

दवाखान्यातून परत आला तेव्हा वायसरच्या मनगटाला प्लास्टर होतं आणि भिंतीलाही. टेस्टरने तेवढ्या वेळात वायर जोडून, वर सिमेंट फासून, गुळगुळीत करून टाकलं होतं. वायसर भिंतीकडे बघून म्हणाला, "भिंतीचं फार लवकर बरं झालं." तेवढंच. दुसऱ्या दिवशी वाटणी झाली. घराची नव्हे, दुरुस्तीची. पाण्याचं सगळं वरच्यांचं, विजेचं सगळं खालच्यांचं. कुणी कुणाच्या हद्दीत हात घालायचा नाही.

ही हद्द दोघांनी अशी पाळली की सैनिकांनी शिकून घ्यावं. खालचा नळ गळला तर टेस्टर त्याखाली बादली ठेवून बसे, पण पान्हा हातात घेत नसे. वरचा पंखा बंद पडला तर वायसर वर्तमानपत्राने वारा घेई. गिझर तर घरात आलाच नाही, कारण तो पाण्याचा की विजेचा हे ठरेना. कपडे धुण्याचं मशीन दारापर्यंत येऊन परत गेलं. टेस्टरची बायको अकरा वर्षं गॅसवर पातेल्याने पाणी तापवत होती, आणि दर सकाळी पातेलं ओट्यावर ज्या जोराने आपटत होती त्यावरून तिचं मत गल्लीला ठाऊक होतं.

आणि एका सोमवारी मोटर बंद पडली.

बटण दाबलं की नुसती 'हूं' करायची. फिरायची नाही. टेस्टर दारात उभा राहून ऐकून म्हणाला, "पंखा जाम झालाय आतला. पाण्याचं काम." वायसर गॅलरीतून ऐकून म्हणाला, "कंडेन्सर गेलाय. विजेचं काम." दोघंही आत गेले. मंगळवारी घरातलं पाणी संपलं. बुधवारी टेस्टरची बायको शेजारून सहावी बादली घेऊन आली, ती अंगणाच्या मधोमध ठेवली आणि वरखाली दोन्हीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "चार वाजता मी बाहेरचा मेकॅनिक बोलावणार आहे."

टेस्टरच्या हातातली सोल्डरची काडी खाली पडली.

बाहेरचा मेकॅनिक! या घरात, जिथे दोन-दोन कारागीर आयते बसलेत, तिथे कुणीतरी उपरा येऊन पिशवीतून पक्कड काढणार! पण टेस्टर धास्तावला तो अपमानाने नव्हे. बाहेरचा माणूस मोटर बघेल, पाइप हलतोय म्हणेल, भिंतीला क्लॅम्प मारूया म्हणेल. आणि त्या भिंतीत काय आहे ते जगात एकट्या टेस्टरला ठाऊक होतं.

वायर भिंतीतून न्यायची तर सरळ खाली किंवा सरळ आडवी. शिकाऊसुद्धा हे पहिल्या दिवशी शिकतो, म्हणजे पुढे भोक पाडणाऱ्याला बटण बघून कळतं की वायर कुठे असेल आणि कुठे नसेल. मोटर नवी असताना टेस्टरने दाराच्या वरच्या विजेच्या डब्यापासून खाली मोटरच्या बटणापर्यंत वायर आणली तेव्हा गुंडाळी हातभर कमी पडली. बाजारात पुन्हा जायचा कंटाळा आला. त्याने भिंतीला तिरकी खाच पाडली आणि वायर कोपऱ्यातून कोपऱ्यात नेली. वायसरने तेव्हा भोक पाडलं होतं ते अगदी नियमाने, बटणापासून दूर, जिथे कुठल्याही शहाण्या माणसाची वायर नसते तिथे. टेस्टरने धुरकटलेल्या रेडिओपाशी उभा असतानाच हे ओळखलं होतं. आणि तरी येऊन तो डोळ्यांबद्दल बोलला होता. अकरा वर्षं त्या वाक्यावर तो बसून होता, खाली विस्तव असलेल्या पाटावर बसावं तसा.

साडेतीन वाजता तो नवा कंडेन्सर घेऊन अंगणात गेला. पाहतो तो वायसर आधीच मोटरच्या दुसऱ्या टोकाशी उकिडवा बसलेला, पान्ह्याने पंख्याकडचं झाकण खोलतोय. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. एका मोटरच्या दोन टोकांना दोघं माना खाली घालून बसले. टेस्टरची बायको मध्ये बादलीवर बसली, कारण निरोप न्यायला कुणीतरी हवंच होतं.

"अगं, त्यांना सांग, मोटर हलवू नका म्हणावं. माझा हात आत आहे."

"वहिनी, त्यांना सांगा, मोटर हलते कारण पाइपाला क्लॅम्प नाही. तो का नाही ते माझ्या मनगटाला विचारा."

"दोघांच्या मध्ये चार वीत अंतर आहे," वहिनी म्हणाल्या. "मला ऐकू येतंय म्हणजे तुम्हालाही येत असेल."

"विचार त्यांना, आतून काही निघालं का?"

वायसरने पंख्यातून प्लॅस्टिकचा एक वाकडा तुकडा उपसून काढला आणि वहिनींच्या पुढ्यात टाकला. "निघालं. मोटर अडकली होती. पण अडकलेल्या मोटरीला कुणीतरी तीन दिवस बटण दाबून दाबून हूं करायला लावलं, म्हणून वहिनी, कंडेन्सरही गेला."

"बटण दोघांनी दाबलं," टेस्टर मोटरीला म्हणाला. "नालायका, वरच्यांनी जास्त दाबलं, खरं की नाही?"

म्हणजे बिघाड अर्धा पाण्याचा निघाला आणि अर्धा विजेचा. दोघांचंही म्हणणं खरं ठरल्यामुळे दोघंही आणखीच चिडले.

टेस्टरने कंडेन्सर बसवला. वायसरने झाकण आवळलं. आता बटण दाबायचं एवढंच राहिलं होतं. टेस्टरचा हात पुढेही झाला. तेवढ्यात वायसर म्हणाला, "वहिनी, त्यांना सांगा, थांबा म्हणावं. क्लॅम्पशिवाय चालवली तर महिन्याभरात पुन्हा हीच बोंब." आणि त्याने पिशवीतून ड्रिल काढलं.

"क्लॅम्पची काय गरज आहे, विचार त्यांना," टेस्टर घाईने म्हणाला. "दोरी बांधा. मजबूत असते दोरी."

"दोरी?" वायसरची बायको गॅलरीतून हसली. "मोटर आहे की बकरी?"

वायसर स्टुलावर चढला. भिंतीवर जुन्या जखमेचा गिलावा अजून थोडा वेगळा दिसत होता. तो टाळून त्याने वर, चार बोटं बाजूला, पेन्सिलीने फुली मारली. बरोबर तिरक्या रेषेवर. "वहिनी, त्यांना विचारा, वायर कुठून गेलीये."

"सांग त्यांना... वायर जिथे असायला हवी तिथे आहे," टेस्टर म्हणाला.

"मागच्या वेळीही तिथेच होती," वायसर म्हणाला. "मी तेव्हाही तिला टाळूनच भोक पाडलं होतं. ती चालत आली असेल ड्रिलपाशी."

टेस्टरच्या डोक्यात धडाधड हिशोब सुरू झाले. मेन बंद करावा? मग ड्रिल कशावर चालणार? हातोडा आणि छिन्नी द्यावी? का, म्हणून विचारेल. गप्प बसावं? स्टूल तेच होतं. खालची फरशी तीच होती. वायसरचं मनगट अजूनही पूर्ण वळत नाही, ड्रिल डाव्या हाताने धरावं लागतं, हे त्याने आज पहिल्यांदा जवळून पाहिलं.

ड्रिल घुरघुरलं. टोक फुलीला लागलं. भिंतीची भुकटी उडाली.

"थांब!"

अकरा वर्षांत तो पहिला शब्द होता जो वहिनींवरून न जाता सरळ गेला. ड्रिल थांबलं. टेस्टरने दुकानातून खडू आणला, दाराच्या वरच्या डब्याखाली टेकवला, आणि भिंतीवर खाली मोटरच्या बटणापर्यंत एक लांब, तिरकी रेघ ओढली. रेघ जुन्या गिलाव्यातून गेली आणि फुलीतूनही गेली.

वायसर स्टुलावरून खाली उतरला. रेघेकडे पाहिलं. मान वाकडी करून पुन्हा पाहिलं.

"तिरकी?"

"तिरकी."

"भिंतीत? वायर? तिरकी? कुठल्या गाढवाने?"

"गुंडाळी हातभर कमी पडली होती," टेस्टर म्हणाला.

"तुला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि आधी रेडिओकडे धावलास."

"मेन बंद करायला धावलो होतो."

"मेन पुढच्या दाराशी आहे. रेडिओ टेबलावर होता."

टेस्टरने खडू हातातल्या हातात मोडला. "रेडिओकडे धावलो."

मग बादलीवरून टेस्टरची बायको उठली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "म्हणजे हातभर वायरीसाठी मी अकरा वर्षं पातेल्याने पाणी तापवतेय?"

टेस्टरने खिशातला टेस्टर काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

वायसरने रेघेपासून वीतभर लांब भोक पाडलं, क्लॅम्प ठोकला, पाइप आवळला. इतकी वर्षं दाबून ठेवलेला राग एकेका स्क्रूवर निघत होता. त्या क्लॅम्पला आता हत्ती बांधला तरी हलणार नाही. शेवटी तो म्हणाला, "चालू कर." मोटर फिरली, पाइप थरथरला नाही, वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि जाताना रेघेवर एकदा थुंकायचा विचार करून तो गिळून वर गेला.

टेस्टरला वाटलं, आता रात्री पाण्याने रेघ पुसू आणि संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो रेघ लाल झालेली. वायसरने पहाटे उठून तिच्यावर ऑइल पेंट मारला होता, दोन हात, ब्रशने, कडा न सोडता. तेव्हापासून घरी कोण आलं, अगदी गॅसवाला आला, तरी वायसर त्याला अंगणात नेऊन ती रेघ दाखवतो. "हे आमच्या दादाचं काम. नीट बघा. भिंतीत वायर अशी न्यायची नसते."

आत बसलेल्या टेस्टरला सगळं ऐकू येतं. 'दादा' हा शब्दही ऐकू येतो. अकरा वर्षांत तो घरात उच्चारला गेला नव्हता, आणि आता रोज उच्चारला जातो, तोही परक्यांसमोर, आणि असा. रेडिओची पाठ उघडून तो म्हणतो, "ऐकलंस का रे, चांडाळा?"

एकदाच तो फडकं आणि टर्पेंटाइन घेऊन भिंतीशी गेला होता. वाकला तोच वरून गॅलरीतून आवाज आला.

"पुसशील तर पाणी बंद करीन!"

"मग मी वीज बंद करीन!" टेस्टर खालून ओरडला.

"कर! आणि गिझर बसवायला कधी येतोयस? वहिनी कालपासून खोकं घेऊन बसल्यात!"

"आधी तुझा पाइप जोड, मग बोल!"

"आधी तुझी वायर आण! सरळ आण!"

टेस्टरने फडकं खिशात कोंबलं, मोजपट्टी घेतली आणि बाथरूमच्या भिंतीवर, छतापासून बटणापर्यंत, ओळंबा लावून सरळ रेघ मारली. मग वायर कापताना हातभर जास्तच कापली.