गोल बाजारातली बटणांची पुडी

मित्रहो, तुम्ही मले जुन्या फौजी कोटांचे फोटो पाठवता अन् कोट खरा की नकली, ते मी सांगतो. आज मात्र तोंड दाखवावं वाटून नाही राहिलं.

मागच्या रविवारी गोल बाजारात जुन्या कपड्यांच्या दुकानात एक लोकरी कोट दिसला. पितळी बटणं, अन् कॉलरच्या आत शाईनं लिहिलेलं कोण्या शिपायाचं नाव. अर्धं पुसलेलं, मले वाचता आलं नाही. आपली हाव दिसली की दुकानदार भाव चढवते, म्हणून मी कोट बाजूला टाकला. वरून शहाणपणा शिकवला, "भैया, असली पहचान तो बटन से होती है."

आज भिंग घेऊन गेलो. दुकानदारानं हसत एक पुडी हातात दिली. त्याच कोटाची सगळी बटणं होती, राखेनं घासून चमकवलेली.

"और कोट?"

"वो तो चिंदी में सिलतरा के कारखाने गया भैया, मशीन पोंछने. आप ही तो बोले थे, असली चीज बटन है."

त्याच्यावर काय चिडू? त्यानं माझंच ऐकलं.

बटणं पाहून पलटण कोणती, ते मी आत्ताही सांगतो. तो माणूस कोण होता, ते आता कोणीच सांगू शकत नाही.

तुमच्या घरच्या पेटीत असा कोट असेल तर मले बटणांचे फोटो पाठवू नका. कॉलर उलटा अन् आतलं नाव घरच्यांसमोर मोठ्यानं वाचा.

अन् ही पुडी मी आता कुठं ठेवू, तेवढं सांगा.